मिस्त्रींसाठी थंड

"घ्या मिस्त्री, गार हाय तवर घ्या."

शेवंताबाईंनी थंडाची बाटली माझ्यापुढं ठेवली आणि शेजारी घासूनपुसून लख्ख केलेला स्टीलचा ग्लास ठेवला. मे महिन्यातली दुपार होती. त्या स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आल्या होत्या आणि दारातच उभ्या राहून पदरानं मान पुसत होत्या. मी त्यांच्या शिलाई मशीनचा पट्टा नुकता बदलला होता, हात तेलकट होते. बाटलीवर बाहेरून पाणी सुटलं होतं. तहान तर अशी लागली होती की जीभ टाळ्याला चिकटत होती. ही तहान एवढी का लागते, ते मला दोनच दिवसांपूर्वी कळलं होतं.

"आज नको, शेवंताबाई," मी म्हणालो.

"गार न्हाई व्हय? बर्फातली काढून दिली की त्यानं."

"गार आहे हो. पण नको."

"मग दुसरं आणू? लिंबाचं?"

"काहीच नको. राहू द्या."

त्यांनी बाटलीकडं बघितलं, मग माझ्याकडं. पाच-सहा वर्षं मी त्या घरी येत होतो आणि आजवर एकदाही बाटलीला नाही म्हटलं नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, उन्हातली खेप फुकट गेली म्हणून असेल.

या गोष्टीला पंचवीसेक वर्षं होऊन गेली. मी रघुनाथ हावळे, जातीनं शिंपी, पण कापड कधी शिवलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची शिलाई मशीन दुरुस्त केली. विटा आणि आसपासच्या गावांत बायका घरोघरी शिवणकाम करायच्या. सायकलला हत्यारांची पिशवी अडकवून मी दारोदार फिरायचो. आता नजर सुईत दोरा ओवण्यापुरतीही राहिलेली नाही. दोन्ही पाय मात्र अजून जागेवर आहेत, आणि ते का आहेत हेही या गोष्टीत येईलच.

तर मी चहा पीत नव्हतो. आधी प्यायचो, चांगला दिवसाला सहा-सात वेळा. माझी बायको शालन वारली आणि तिच्या अस्थी घेऊन मी काशीला गेलो, तिथं तो सोडला. काशीला गेलं की आवडती एक वस्तू सोडायची रीत आहे. आमच्याबरोबरची मंडळी मोठी हुशार होती. कुणी दुधी सोडला, कुणी कारलं सोडलं. एका गृहस्थांनी फणस सोडला, त्यांना तो आधीच बाधत होता. माझी पाळी आली तेव्हा शालनचा भाऊ माझ्या कानाशी लागला, "दाजी, पडवळ म्हणा, पडवळ." पण माझ्या तोंडून 'चहा' निघून गेला. गुरुजींनीही हातावर पाणी सोडण्याआधी दोनदा विचारलं, "नक्की ना, यजमान?" मी म्हणालो, नक्की. परतीच्या गाडीत दर स्टेशनवर चहावाला ओरडत यायचा आणि मेहुणा माझ्याकडं असा बघायचा की माझंच डोकं फिरलं असावं.

आमच्या भागात चहा न पिणारा माणूस म्हणजे यजमानाच्या डोक्याला ताप. घरी आलेल्याला तोंड ओलं केल्याशिवाय सोडायचं नाही. नुसतं पाणी दिलं तर घराची इज्जत जाते. दूध द्यावं तर घरात असतं ते चहापुरतं. मग शेवटी कुणीतरी उठून दुकान गाठायचं आणि माझ्यासाठी थंडाची बाटली यायची. दोन वर्षांत माझं नावच पडलं, थंडवाले मिस्त्री. मी गल्लीत शिरलो की बायका आतूनच ओरडायच्या, "थंडवाले आले गं, कुणीतरी बाटली आणा!"

चहा होतो तेव्हा सगळ्यांचा होतो. आधण ठेवताना घरातली माणसं मोजली जातात, शेजारीण डोकावली तर पाणी वाढवलं जातं, आणि सगळे आपापली कपबशी घेऊन टेकतात. थंड मात्र एकट्यासाठी यायचं. मी खुर्चीवर बसून बाटली तोंडाला लावायचो आणि घरातली सगळी मला पिताना बघत उभी राहायची. कधी एकदा हा पितो आणि बाटली परत जाते, असा सगळ्यांचा चेहरा. मी भरभर प्यायचो, ठसका लागायचा. मग मीच बाटली दुकानात परत टाकून पुढच्या घराची वाट धरायचो.

हळूहळू मला त्याची चटक लागली, हेही खोटं नाही. संध्याकाळी घरी जाताना मी एक बाटली विकत न्यायला लागलो. मूलबाळ नाही, शेजारपाजार मी चहाच्या भीतीनं तोडलेला. अंधारून आलं की घर अगदी गप्प व्हायचं. बाटली उघडून तोंडाजवळ आणली की आतले बुडबुडे बारीक आवाज करतात. तो आवाज संपेपर्यंत मी ती पीत नसे. कुणाला सांगितलं असतं तर हसलं असतं, म्हणून कुणाला सांगितलं नाही. तसं सांगायला कुणी नव्हतंही.

मग त्या आठवड्यात मी संध्याकाळी पाय धुवायला बसलो आणि उजव्या टाचेत काहीतरी चकाकलं. शिलाई मशीनची तुटकी सुई होती, चांगली अर्धी आत गेलेली. कुठल्या घरात घुसली, कधी घुसली, पत्ता नाही. दिवसभर मी तिच्यावर चाललो होतो, सायकल मारली होती, पायट्यावर पाय ठेवून मशीन चालवून बघितली होती, आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

डॉक्टर शिराळकरांनी सुई काढली, जखम बांधली, रक्त तपासायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी कागद हातात घेऊन माझ्याकडं बघत बसले.

"हावळे, तुम्ही गोड खाता का फार?"

"छे हो. गोड करणारंच कोण आहे?"

"मग पिता काय?"

मी सांगितलं. दिवसाला पाच, कधी सहा. घरं असतील तितक्या.

"अहो, एका बाटलीत सहा-सात चमचे साखर असते! तुम्ही रोज वाटीनं साखर पिताय. मधुमेह झालाय तुम्हाला. पायातली जाणीव गेलीय, सारखी तहान लागते, ते त्यानंच. दात बघितलेत का आरशात? ते आंबट पाणी दातांचं कवच खातं. हाडांनाही चांगलं नाही ते. पण हाडं-दात राहू देत, मला तुमच्या पायाची काळजी आहे. ही जखम भरली तर नशीब. पुढची भरणार नाही. मग मिरजेला जाऊन पाय काढायचा."

"आणि नुसता सोडा? बिनसाखरेचा?"

"तुम्हाला हातात बाटली हवीच का?" डॉक्टर वैतागले. "पाणी प्या. ताक प्या. कुणाकडं गेलात तर बिनसाखरेचा चहा घ्या."

"चहा सोडलाय मी."

"का?"

"काशीला."

डॉक्टर आमच्याच भागातले होते, त्यामुळं हसले नाहीत. नुसतं म्हणाले, "मग कुणाच्या घरी काही घेऊच नका."

त्यांना ते सोपं वाटलं असेल. पाय टिकवायचा तर थंड बंद, आणि थंड बंद म्हणजे लोकांच्या घरात बसायचं शेवटचं निमित्तही बंद. मी दोन दिवस घरात काढले. तिसऱ्या दिवशी निघालो, आणि पहिलंच घर शेवंताबाईंचं आलं.

शेवंताबाई बनसोडे म्हणजे पन्नाशीच्या, विधवा. गावाच्या कडेला बुद्धविहारामागं दोन खोल्यांचं घर. शाळेचे गणवेश आणि परकर शिवून त्यांनी एकुलत्या मुलाला शिकवलं, तो पुण्याकडं कारखान्यात लागला आणि तिकडचाच झाला. मशीनमागच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिला रोज ताजं फूल. बाई बोलायला कमी, कामाला चोख. इतकी वर्षं मी त्यांच्याकडं येत होतो, पण त्या माझ्यासमोर कधी बसल्या नव्हत्या. मी थंड पीत असताना त्या दाराला टेकून उभ्या असायच्या.

तशाच त्या उभ्या होत्या. मी हत्यारं पिशवीत भरायला लागलो.

"मिस्त्री, एक इचारू?"

"विचारा की."

"पयल्यांदा आलासा तवा मी चहा टाकला हुता. म्हनलासा, चहा घेत न्हाई. मी म्हनलं, बरं. मग बाटली आणली. बाटलीसंगं गिलास ठिवला, तर गिलासाला हात लावला न्हाईसा. बूचबी आपल्याच पिशवीतल्या पान्यानं काढलंसा आनि बाटली तोंडाला लावलीसा. मी म्हनलं, असू दे, जुन्या वळनाचा मानूस हाय. दर खेपेला त्यो गिलास मी राखंनं घासून ठिवायची. आज घिईल, उद्या घिईल. आता बाटलीबी चालंना. पुढल्या खेपेला मशीन उंबऱ्याभायेर आणून ठिवू का?"

त्या काय बोलतायत ते समजायला मला वेळ लागला. समजलं तेव्हा कानशिलं तापली. कंपनीतून बंद होऊन आलेली बाटली, आपल्या हातानं उघडलेली, त्यांच्या भांड्याला न लागता संपवलेली. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही दुसरं काही वाटलं नसतं.

"अहो, तसं नाही! ग्लासात ओतलं की गॅस जातो त्यातला, म्हणून..."

बोलता बोलताच मला ते किती पोरकट वाटतंय ते जाणवलं. शेवंताबाई ऐकत होत्या, पण आता त्या रागावलेल्याही दिसत नव्हत्या. असली कारणं त्यांनी जन्मभर ऐकलेली होती.

मी चप्पल काढली, पट्टी बांधलेला पाय पुढं केला. सुई, साखर, डॉक्टर, सगळं सांगितलं. त्यांनी वाकून पाय बघितला.

"ह्ये खरं दिसतंय," त्या म्हणाल्या. "मग डागदरनं बिनसाकरंचा चहा चालंल म्हनलं न्हाई व्हय? माझ्या भनीला तर तसंच सांगितलंया."

"म्हणाले तसं."

"मग?"

"चहा मी काशीला सोडलाय."

शेवंताबाई हसल्या. त्या हसण्यात गंमत नव्हती. "आमी काशीबिशी मानत न्हाई, मिस्त्री. पर सोडायचं आसलं की लोकास्नी काशी बरी घावती."

"कुठल्याच घरी घेत नाही हो मी. कुणालाही विचारा."

"कुनाला इचारू? तुमच्या घरातल्या बाईला?"

"ती गेली, म्हणून तर काशीला गेलो होतो."

"पोरास्नी?"

"मूल नाही."

"शेजारी आसतीलच की."

"मी जात नाही कुणाकडं."

मी चहा पीत नाही हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं, पण का पीत नाही हे सांगणारं एकही माणूस माझ्याजवळ नव्हतं. मेहुणा होता तो कधीच दुरावला होता. कुणी विचारलं तर 'सोसत नाही' म्हणून मी विषय मिटवायचो, त्यामुळं गिऱ्हाइकांना काशीचं काहीच माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत मी माझ्याबद्दल कुणाला चार शब्द सांगितले नव्हते, आणि आज ज्या बाईला सांगत होतो तिला ते खोटं वाटत होतं.

"मग पाणी द्या," मी म्हणालो. "तुमच्या माठातलं द्या."

"पानी आता समदीच पित्यात. पित्यात आनि भायेर जाऊन सांगत्यात, बनसोडीनीच्यात पानी प्यालो म्हनून." त्यांनी बाटली उचलली. "जाऊ द्या मिस्त्री. तुमी मशीन चांगली करतासा, माझं तेवढंच काम हाय. बाटली मी परत दिऊन येते."

त्या जायला वळल्या. त्या क्षणी मी उठून निघालो असतो तर पुढच्या वेळी त्यांनी दुसरा मिस्त्री बघितला असता आणि त्या घराचा विषय संपला असता. दुसऱ्या दिवशी दुसरं घर, तिथंही 'नको', मग तिसरं. असं करत करत मी एक दिवस घरातूनच निघालो नसतो. मला तिथल्या तिथं भीती वाटली. पाय जाण्याची भीती डॉक्टरांनी घातली होती, ही त्याहून मोठी होती.

"शेवंताबाई, चहा ठेवा," मी म्हणालो.

त्या थांबल्या. "काय?"

"बिनसाखरेचा ठेवा. मी घेतो."

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं, बाटली खाली ठेवली आणि आत गेल्या. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. मी खुर्चीवर बसून राहिलो. चहा पावडर पडली आणि वास बाहेर आला. इतकी वर्षं तो वास मी घराघरांत घेतला होता, पण तो दुसऱ्यांचा चहा होता. हा माझ्यासाठी होत होता. हातावर सोडलेलं पाणी आठवलं. शालनला फसवतोय असं वाटलं. उठून जावं असंही वाटलं, पण उठलो नाही.

त्या कपबशी घेऊन आल्या. एकच. माझ्यापुढं ठेवली आणि पुन्हा दाराला टेकून उभ्या राहिल्या, मी पितो का ते बघायला.

"तुमचा कुठाय?"

"मी घेते मागनं. तुमी घ्या."

मी कप उचलला. वाफ तोंडावर आली. कप तसाच खाली ठेवला.

"बघा," त्या हळूच म्हणाल्या. "हुईना न्हवं?"

"एकट्यानं होत नाही," मी म्हणालो. "माझा आणि शालनचा चहा एकच व्हायचा हो. एक कप करायची, अर्धा बशीत ओतून मला द्यायची, अर्धा कपातून स्वतः घ्यायची. दुसरी कपबशी घरात होती, पण ती पाहुण्यांची. शालन गेल्यावर पहिल्या सकाळी मी चहा केला. बरोबर कपभर झाला. अर्धा बशीत ओतला, प्यालो, आणि कपात अर्धा राहिला. त्याचं काय करायचं ते मला कळेना. तो ओतून टाकता येईना आणि पिताही येईना. संध्याकाळपर्यंत तसाच ओट्यावर होता. पुढं काशीला गुरुजींनी विचारलं आणि मी चहा म्हणालो. लोकांना वाटलं केवढा त्याग केला. त्यागबिग काही नव्हता. एकट्यानं चहा प्यायचा नाही, एवढंच होतं ते."

हे मी कुणापुढं पहिल्यांदाच बोललो होतो. खरं सांगायचं तर मलाही ते बोलतानाच समजलं. रडू आलं, आणि परक्या बाईसमोर रडायची लाज वाटायलाही वेळ मिळाला नाही.

शेवंताबाई आत गेल्या. पातेल्यात उरलेला चहा स्वतःसाठी कपात घेऊन आल्या, आणि दाराला न टेकता माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. मीही खुर्ची सोडून खाली बसलो. त्यांनी कप तोंडाला लावला. मग मी बशीत ओतून प्यालो. साखरेशिवाय चहा कडू लागतो हे मला ठाऊक नव्हतं. फुंकर मारायचंही विसरलो होतो, जीभ भाजली.

"त्यो काशीचा नेम खरा हुता म्हना की," त्या म्हणाल्या.

"खरा होता."

"मग मोडलासा कशापायी? मी म्हनले म्हनून?" त्यांचा आवाज बदलला होता. "आमी मानत न्हाई, पर तुमी तर मानतासा न्हवं? उद्या वर गेल्यावर बाईला काय सांगशीला?"

"ती आधी एवढंच विचारणार, एकट्यानं प्यालात का म्हणून."

"मग?"

"सांगीन, नाही."

बाहेर ऊन तसंच होतं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. माझा चहा संपला होता. त्यांच्या कपात थोडासा उरला होता आणि त्या तो हातात धरून मशीनकडं बघत होत्या. मी माझी रिकामी बशी त्यांच्या कपाकडं सरकवली.

त्यांनी चमकून बघितलं. "उष्टा हाय त्यो, मिस्त्री."

"असू दे."

"न्हाई, नगं."

मी बशी मागं घेतली नाही. त्यांनी एकदा उघड्या दारातून बाहेर बघितलं, कुणी येतंय का ते, आणि मग कप तिरका केला.